बाईसाहेब, मर्दानी, वीरांगना

झाशीच्या लष्करी छावणीतील मुख्य पेठेला सदर बाजार म्हणतात. हे नाव मराठी माणसाला परके वाटत नाही. सातारा, सोलापूर, जालना येथेही सदर बाजार आहेत, आणि नागपुरात तर नुसते 'सदर' म्हटले तरी भागते. जेथे जेथे इंग्रजांची छावणी पडली, तेथे तेथे शिपायांच्या गरजा भागविणारी अशी एक पेठ उभी राहिली व तिला हे नाव मिळाले. शब्द मूळचा अरबी. हिंदीत तो विशेषण म्हणून वावरतो व 'मुख्य' एवढाच अर्थ सांगतो. मराठीत मात्र 'सदर' हे स्त्रीलिंगी नाम झाले. किल्ल्यात किंवा वाड्यात जेथे धनी बसतो, कारभार पाहतो, न्याय देतो, ती जागा म्हणजे सदर. शब्द स्त्रीलिंगी खरा, पण जागा पुरुषांची. स्त्रियांचा वावर माजघरात. सदरेवर स्त्रीने यावे असा रिवाज नव्हता.

झाशीच्या सदरेवर एक स्त्री बसली, आणि तिला काय म्हणावे हा प्रश्न तिच्या काळापासून आजपर्यंत निरनिराळ्या भाषांना पडत आला. मराठीने तिला 'बाईसाहेब' म्हटले. हिंदी कवितेने 'मर्दानी' म्हटले. आज झाशीच्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवर तिच्या नावाआधी 'वीरांगना' हा शब्द आहे. राणी लक्ष्मीबाईंचा इतिहास अनेकांनी लिहिला. परंतु ह्या तीन शब्दांचा इतिहास पाहिला, तर राणीइतकेच तिच्याविषयी बोलणाऱ्या समाजांचेही दर्शन घडते. स्त्रीचे शौर्य पाहिले की भाषा कशी अडखळते, त्याची ही हकीकत आहे.

झाशी हे पहिल्यापासूनच अनेक भाषांचे गाव. किल्ला ओरछाच्या बीरसिंहदेव बुंदेल्याने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. पुढे छत्रसालाच्या मदतीस पहिला बाजीराव धावून गेला आणि त्या उपकाराच्या पोटी बुंदेलखंडाचा एक भाग पेशव्यांकडे आला. १७४२ च्या सुमारास नारो शंकराने झाशीस मराठी अंमल बसविला व शहर वसविले. नंतर नेवाळकरांच्या घराण्याकडे सुभेदारी गेली. कोकणातून व देशावरून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांची कुलदैवते, त्यांचा गणपती, त्यांचे चैत्रातले हळदीकुंकू त्यांच्याबरोबर आले. घरात मराठी, रस्त्यावर बुंदेली, दरबारी पत्रव्यवहारात फारसी आणि कंपनी सरकारचा हात पोहोचल्यावर इंग्रजी, असा चार भाषांचा व्यवहार ह्या गावात चालू होता.

ग्रिअर्सनने भारतीय भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्यात बुंदेलीला पश्चिम हिंदीची एक बोली म्हणून स्थान दिले आहे. मराठी आणि बुंदेली ह्या शेजारणी असल्या तरी लिंगाच्या बाबतीत त्यांचा संसार वेगळा आहे. मराठीत तीन लिंगे, बुंदेलीत दोन. फारसीत व्याकरणातील लिंग नाहीच. इंग्रजीत ते सर्वनामापुरते उरले आहे. मराठीत मात्र बोलणारीला स्वतःबद्दल एक वाक्य उच्चारले की बहुधा आपले स्त्रीत्व सांगावेच लागते. 'मी आले', 'मी जाते', 'मी लढले' ही रूपे पुरुषाची नव्हेत. पोशाख बदलता येतो, क्रियापद सहजासहजी बदलता येत नाही. राणीच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

लिंगाच्या कल्पनेची उलथापालथ झाशीच्या राजवाड्यात राणीच्या आधीच झाली होती, असे एक आख्यायिका सांगते. राणीचे पती गंगाधरराव नाटकाचे अतिशय शौकीन होते. विष्णुभट गोडसे ह्यांनी आपल्या 'माझा प्रवास' ह्या ग्रंथात त्यांच्याविषयीची एक ऐकीव हकीकत दिली आहे. राजेसाहेब कधी कधी स्त्रीवेष धारण करीत, बांगड्या भरीत. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारले, तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता, की साता समुद्रांपलीकडून येऊन तुम्ही साऱ्या राजांना बांगड्या भरावयास लावल्या. मग मीच एकट्याने त्या का घालू नयेत? ही हकीकत शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु ती लोकांच्या तोंडी होती ह्याला अर्थ आहे. 'बांगड्या भरणे' म्हणजे दुबळे होणे, हा मराठीतला जुना वाक्प्रचार. राज्य गमावलेल्या पुरुषाला भाषेने स्त्री केले होते. त्याच भाषेपुढे थोड्याच वर्षांत उलट प्रश्न उभा राहणार होता: राज्यासाठी लढणाऱ्या स्त्रीचे काय करावयाचे?

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी दत्तक घेतलेला मुलगा दामोदरराव ह्याचा हक्क डलहौसीने मानला नाही, आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. जून १८५७ मध्ये छावणीतील शिपायांनी उठाव केला. गोऱ्या अधिकाऱ्यांची व त्यांच्या कुटुंबांची कत्तल झाली, आणि शहराचा कारभार पुन्हा राणीच्या हाती आला. त्याच काळात कोकणातील वरसई गावचे भिक्षुक विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळविण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. फिरत फिरत ते झाशीस पोहोचले व ह्यू रोजच्या वेढ्यात तेथेच अडकले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी त्या प्रसिद्ध केल्या, पण त्यांत आपल्या मतीप्रमाणे फेरफार केले. मूळ बरहुकूम पाठ महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार ह्यांच्यामुळे १९६६ साली वाचकांसमोर आला.

गोडसे भटजी राणीचा उल्लेख 'बाईसाहेब' असा करतात. हा शब्द क्षणभर न्याहाळण्यासारखा आहे. 'बाई' हा घरातला, आदराचा, स्त्रीचा शब्द; 'साहेब' हा अरबीतून आलेला, धनीपणाचा, अधिकाराचा शब्द. दोन्ही एकत्र आले, पण एकाने दुसऱ्याला पुसून टाकले नाही. 'बाईसाहेब आल्या' असे म्हणताना क्रियापद स्त्रीलिंगीच राहते, आणि आदरार्थी बहुवचनही होते. स्त्रीत्व आणि सत्ता ही दोन्ही एका शब्दात सुखाने नांदतात. १८९४ साली दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनी राणीचे चरित्र लिहिले, तेव्हा ग्रंथाच्या नावातही त्यांनी 'महाराणी लक्ष्मीबाईसाहेब' असेच म्हटले. मराठीला तोवर दुसऱ्या शब्दाची गरज भासली नव्हती.

भटजींनी काढलेले राणीचे चित्रही असेच दुहेरी आहे. दरबाराच्या दिवशी बाईसाहेब कधी पुरुषी पोशाख करीत: पायजमा, अंगरखा, डोक्यास टोपीवर बांधलेली पगडी, कमरेस दुपट्टा व त्यात तलवार. कधी त्या पांढरे पातळ नेसून येत. पती वारल्यापासून नाकात नथ नव्हती. परंतु हातात सोन्याच्या बांगड्या होत्या, गळ्यात मोती होते, बोटात हिऱ्याची अंगठी होती. भिक्षुकाच्या डोळ्यांना ह्या दोन पोशाखांत विरोध दिसला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अंगरखा घातला म्हणून त्यांनी राणीला पुरुष म्हटले नाही, आणि बांगड्या होत्या म्हणून दुबळे म्हटले नाही. पतीने बांगड्या घातल्या तो पराभवाचा उपहास झाला. पत्नीच्या हातात बांगड्याही होत्या व तलवारही.

ह्या ग्रंथातील सर्वांत हृद्य प्रसंग काल्पीच्या वाटेवरचा आहे. झाशी पडली होती. पराभवानंतर मोजक्या स्वारांनिशी जाणारी, धुळीने माखलेली, पठाणी वेषातली राणी एका विहिरीपाशी भटजींना भेटते. तिला तहान लागलेली असते. भटजी पाणी शेंदावयास पुढे होतात. ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये, असे म्हणून ती स्वतः पाणी काढते व ओंजळीने पिते. मग ती जे बोलते, त्याचा मथितार्थ असा: मी एक विधवा, अर्धा शेर तांदूळ मला पुरे होते, हा उद्योग करण्याची मला काही गरज नव्हती, परंतु धर्माचा अभिमान धरून ह्या कर्मास प्रवृत्त झाले. स्वतःसाठी ती जो शब्द वापरते तो 'रांडमुंड' हा आहे. केशवपन केलेल्या विधवेसाठी समाजाने योजिलेला हा कठोर, हीन शब्द. अंगावर पुरुषी वेष, कमरेला तलवार, आणि तोंडी मात्र मराठी विधवेची भाषा!

हे संभाषण पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिलेले आहे. त्यातील शब्द न् शब्द तसाच होता असा आग्रह कोणी धरू नये. तरीही गोडसे भटजींना हे बोलणे स्त्रीच्या तोंडचे म्हणूनच आठवले. आपण पुरुष झालो आहो असा दावा त्यात नाही. आपण कोण आहो, समाज आपल्याला काय म्हणतो, हे पूर्ण जाणून, त्याच नावाने स्वतःचा उल्लेख करून ती लढावयास गेली होती. तिच्या धैर्याचे मोल ह्यातच आहे.

आता दुसरे एक वाक्य पाहू. 'मी माझी झाशी देणार नाही' हे राणीचे उद्गार मराठी शाळकरी मुलालाही पाठ असतात. ह्यांचा उगम जॉन लँग नावाच्या वकिलाच्या प्रवासवर्णनात आहे. खालसा झालेल्या संस्थानासाठी सल्ला घ्यावा म्हणून राणीने १८५४ साली त्याला बोलावून घेतले. पडद्याआडून बोलणे झाले. लहानग्या दामोदररावाने पडदा बाजूला सारला तेव्हा लँगला तिचे ओझरते दर्शन घडले. तिचे ते वाक्य त्याने हिंदुस्थानीत, पण रोमन लिपीत नोंदविले. त्या नोंदीत झाशीपूर्वी 'मेरा' असे पुल्लिंगी रूप आहे, आणि क्रियापद अशा रीतीने लिहिले आहे की ते 'देंगे' वाचावे की 'देंगी', ह्याचा निर्णय लिपीवरून होत नाही. परदेशी माणसाच्या कानाची ही चूक असेल. पण दुसरीही एक शक्यता आहे. उत्तरेकडील प्रतिष्ठित घराण्यांतल्या स्त्रिया स्वतःस 'हम' म्हणत आणि त्यापुढे क्रियापद पुल्लिंगी बहुवचनी योजीत. राणी तशी बोलली असेल, तर तो पुरुषी आव नव्हता. ती अधिकाराची भाषा होती.

पुढे हे वाक्य लोकांच्या तोंडी गेले तेव्हा हिंदीने ते व्याकरणशुद्ध करून घेतले: 'मेरी' आणि 'दूँगी', दोन्ही स्त्रीलिंगी. मराठीत ते 'देणार नाही' झाले. ह्या रूपात लिंगाचा मागमूसही नाही. राजाही असेच म्हणेल, राणीही असेच म्हणेल. एका वाक्याची ही तीन रूपे आहेत. ती बोलणारीच्या मनाविषयी थोडे आणि नोंद करणाऱ्यांच्या भाषांविषयी अधिक सांगतात.

इंग्रजांपुढचा पेच निराळा होता. काही इंग्रज लेखकांनी जूनच्या कत्तलीचा सारा दोष राणीच्या माथी मारून तिला बायबलातील दुष्ट राणी जेझेबेलचे नाव दिले. उलट, ज्याने तिचा पराभव केला त्या ह्यू रोजने तिच्या शौर्याची मुक्तकंठाने वाखाणणी केली. बंडवाल्यांत पुरुष असा एकच होता आणि ती स्त्री होती, अशा आशयाचे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात. निंदा करावयाची तर ती वाईट स्त्री. स्तुती करावयाची तर तो पुरुष. चांगली आणि शूर स्त्री असे म्हणण्याची सोय जणू त्या भाषेत नव्हतीच.

राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडली. तिची कीर्ती बुंदेलखंडात हरबोले नावाच्या फिरत्या गायकांनी गावोगाव नेली. त्यांच्या गाण्यांतून ती सुभद्राकुमारी चौहान ह्यांच्या कवितेत आली. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या 'मुकुल' ह्या संग्रहात ती कविता आहे. सुभद्राकुमारी स्वतः असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या स्त्री. त्यांनी राणीला दिलेला 'मर्दानी' हा शब्द हिंदी मुलखातील प्रत्येक शाळेत घुमला, आणि पुढे मराठी घरांतही पोहोचला.

'मर्दानी' ह्या शब्दाची घडण मोठी विलक्षण आहे. फारसी 'मर्द' म्हणजे पुरुष. त्यावरून 'मर्दाना', म्हणजे पुरुषाला साजेसे. हिंदीत हे विशेषण आकारान्त असल्यामुळे स्त्रीलिंगी नामापुढे त्याचे 'मर्दानी' होते. म्हणजे शब्दाचे धड पुरुषाचे आणि प्रत्यय स्त्रीचा. कवयित्रीने राणीला पुरुष म्हटले असे म्हणावे, तर शेवटची ईकार ते नाकारते. स्त्री म्हटले असे म्हणावे, तर 'मर्द' ते नाकारतो. हिंदीच्या श्रोत्याला हा ताण ऐकू येतो आणि त्यातच शब्दाचे बळ आहे. मराठीत तोच शब्द आला की हा ताण नाहीसा होतो. मराठीत 'मर्दानी' हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. कोल्हापूरचे 'मर्दानी खेळ' पुल्लिंगी असले तरी ते 'मर्दाने' होत नाहीत. त्यामुळे मराठी कानाला 'मर्दानी'मध्ये स्त्री ऐकूच येत नाही. केवळ पुरुषीपणा तेवढा ऐकू येतो.

आणि ह्याच कोल्हापूरकडे बायका सर्रास 'मी येतो', 'मी करतो' असे बोलतात. पुण्यामुंबईच्या लोकांना त्याचे हसू येते. पण कोल्हापूरच्या कोणा गृहिणीला त्यामुळे आपण पुरुषी झालो असे वाटत नाही, आणि तिला कोणी मर्दानीही म्हणत नाही. व्याकरणातले लिंग आणि माणसाची ओळख ह्यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो. स्त्रियांच्या भाषेविषयी येस्पर्सनने १९२२ साली आपल्या ग्रंथात एक प्रकरण लिहिले, आणि १९७५ साली रॉबिन लेकॉफ ह्या अमेरिकन विदुषीने त्याच विषयावर पुस्तक लिहून नव्या चर्चेला तोंड फोडले. समाजात स्त्रीला जे स्थान दिलेले असते ते तिच्या बोलण्यात आणि तिच्याविषयीच्या बोलण्यात उमटते, हे लेकॉफ ह्यांचे म्हणणे. झाशीच्या उदाहरणाने त्यात एवढी भर घालावी, की ते स्थान ओलांडणाऱ्या स्त्रीची स्तुतीसुद्धा जुन्याच चौकटीत बसविली जाते.

१८५८ नंतर झाशीचे दैव अजब रीतीने फिरले. १८६१ साली शहर व किल्ला शिंद्यांना देण्यात आला. इंग्रजांनी आपले ठाणे बाहेर 'झाँसी नौआबाद' ह्या नावाने ठेवले. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला व मोरार शिंद्यांना परत मिळून त्यांच्या बदल्यात झाशी पुन्हा इंग्रजांकडे आली. मध्यंतरीच्या पंचवीस वर्षांत शहरात एका मराठी संस्थानिकाचा अंमल होता आणि छावणीत इंग्रजांचा. रेल्वे आली, कारखाने आले, देशोदेशीचे लोक आले. शहरातील मराठी कुटुंबे आपली मराठी घरात जपून बाजारात हिंदी बोलू लागली. राणीची भाषा माजघरात गेली आणि राणीची कीर्ती चौकात आली.

ह्या कीर्तीला कादंबरीचे रूप झाशीचे वकील वृंदावनलाल वर्मा ह्यांनी दिले. वृद्धांच्या तोंडून आठवणी गोळा करून त्यांनी लिहिलेली कादंबरी १९४६ साली निघाली. तीत महाराष्ट्रीय हळदीकुंकवाचा समारंभ आहे, आणि त्या समारंभाला येणाऱ्यांत झलकारी ही कोरी जातीची स्त्रीही आहे. वेढ्यात राणीच्या जागी उभी राहून जिने शत्रूला चकविले अशी ही झलकारी पुढे दलित समाजाच्या अभिमानाचा विषय झाली, आणि २००१ साली टपाल खात्याने तिच्या स्मरणार्थ तिकीट काढले. एकाच गावच्या आठवणीत मराठी राणीशेजारी बुंदेली विणकरीण येऊन उभी राहिली. तिच्यासाठी कोणी 'मर्दानी' शोधावयास गेले नाही. तिला शब्द मिळाला तो 'वीरांगना' हा.

रुपेरी पडद्याने राणीला आणखी दूरवर नेले. सोहराब मोदींचा रंगीत चित्रपट १९५३ साली आला. राणीचे काम मेहताब ह्यांनी केले. २००९ साली दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली, २०१९ साली 'मणिकर्णिका' हा चित्रपट आला. त्याआधी २०१४ साली निघालेल्या एका हिंदी चित्रपटात गुन्हेगारांचा माग काढणारी पोलीस अधिकारी नायिका होती; त्याचे नावच 'मर्दानी'. शब्द आता राणीपासून सुटून कोणत्याही धीट स्त्रीचे बिरुद झाला होता. आणि २०२१ च्या अखेरीस झाशीच्या स्थानकाचे नाव 'वीरांगना लक्ष्मीबाई' असे करण्यात आले. 'वीरांगना' हा संस्कृत समास आहे: वीर आणि अंगना. 'मर्द' त्यातून गेला; परंतु 'अंगना' म्हणजे मूळात सुंदर अंगांची स्त्री. वीर होण्यासाठी पुरुष व्हावे लागत नाही, हे ह्या शब्दाने मान्य केले. सुंदर मात्र असावे लागते, ही अट त्याने ठेवली. मराठीत 'शूर' हा साधा शब्द आहे. तो पुरुषालाही लागतो आणि स्त्रीलाही, आणि कोणासाठीही आपले रूप बदलत नाही. तो कोणी स्थानकाच्या पाटीवर लावणार नाही, कारण त्यात डामडौल नाही.

घोड्यावर स्वार, हाती तलवार, आणि पाठीशी बांधलेले मूल: राणीचे हे चित्र सबंध देशाला परिचित आहे. कोणत्याही वीर पुरुषाच्या पुतळ्याच्या पाठीवर मूल नसते. तेव्हा चित्रकाराला जे उमगले, ते भाषेला उमगावयास फार वेळ लागला. चित्रात आई, विधवा, राज्यकर्ती आणि योद्धा ही चारही रूपे एकाच देहात आहेत. त्यांपैकी एकाचीही क्षमा मागावी लागलेली नाही.

सदर बाजारातला माणूस आज राणीविषयी बोलतो तो हिंदीत, आणि अभिमानाने बोलतो. त्यात गैर काही नाही. थोर माणसे सर्वच भाषांची होतात. तथापि मराठी वाचकाजवळ एक जादा ठेव आहे. त्या धुळीच्या वाटेवर, विहिरीच्या काठी, ती स्वतःविषयी आपल्या भाषेत बोलली होती, असे एका गरीब भिक्षुकाने लिहून ठेवले आहे. तिला मर्द म्हणण्याची गरज इतरांना वाटली. तिला स्वतःला ती वाटली नव्हती. पाणी तिने स्वतः शेंदले, आणि आपण स्त्री आहो हे सांगणाऱ्या क्रियापदांतच ती बोलली.